साठ मिनिटं, मिडासचा पेला आणि चंद्राची धूळ

डेलावेर हे अमेरिकेतलं आकाराने शेवटून दुसरं राज्य. १७८७ साली नव्या राज्यघटनेला सर्वांत आधी मान्यता देणारं राज्य म्हणून त्याला मान आहे, पण बिअरच्या बाबतीत ते फार मागे होतं. पश्चिम किनाऱ्यावर आणि कोलोरॅडोत छोटे ब्रुअर कधीचे जम बसवून होते, आणि डेलावेरमध्ये मात्र एकाच छपराखाली बिअर बनवायची आणि तिथेच ग्लासात ओतून विकायची, याला कायद्याने परवानगीच नव्हती. सॅम कॅलाजिओनी या पंचविशीतल्या तरुणाने रेहोबथ बीच या समुद्रकाठच्या गावात ब्रूपब काढायचं ठरवलं तेव्हा त्याला पहिली खेप राजधानी डोव्हरला घालावी लागली. लोकप्रतिनिधींच्या मागे लागून त्याने कायदा बदलून घेतला आणि १९९५ च्या उन्हाळ्यात ‘डॉगफिश हेड’चं दार उघडलं. नाव आलं ते मेन राज्यातल्या एका भूशिरावरून. लहानपणच्या सुट्ट्या त्याने तिथे घालवल्या होत्या.

दार उघडलं खरं, पण मोठी यंत्रसामग्री घ्यायला पैसा नव्हता. एका खेपेला जेमतेम १२ गॅलन, म्हणजे साधारण ४५ लिटर बिअर निघेल एवढीच त्याची भांडी होती. अमेरिकेतली ती तेव्हाची सर्वांत लहान व्यावसायिक ब्रुअरी. एवढ्याशा भांड्यात अख्ख्या रेस्टॉरंटची तहान भागवायची म्हणजे दिवसातून दोन-तीन घाणे काढायचे आणि आठवड्यातले पाच-सहा दिवस तेच करायचं. एकच पाककृती इतक्यांदा केली की कोणालाही कंटाळा येतो. सॅमलाही आला. मग तो शेजारच्या स्वयंपाकघरात डोकावू लागला आणि हाताला लागेल ते उचलून हंड्यात टाकू लागला: कधी मनुका, कधी कॉफी, कधी चिकोरीचं मूळ, कधी मेपलच्या झाडाचा पाक.

या ब्रुअरीच्या सगळ्या खेळकरपणाचं मूळ मला या लहान भांड्यात दिसतं. ४५ लिटरचा घाणा फसला तर तो मोरीत ओतून द्यायचा आणि दुपारी दुसरा लावायचा. हजारो लिटरच्या टाकीत मनुका टाकायची हिंमत करणारा ब्रुअर विरळाच, कारण ती टाकी फसली तर महिन्याचा धंदा बुडतो. भांडं लहान असलं की चूक स्वस्त पडते, आणि चूक स्वस्त असली की माणूस खेळू लागतो. मोठ्या कंपन्यांच्या बिअरची चव एकमेकींसारखी का असते, याचंही बरंचसं उत्तर इथेच आहे.

हा खेळ नेमका कशाशी चालला होता हे समजायला बिअर म्हणजे काय ते थोडक्यात पाहायला हवं. सातूला मोड आणायचे आणि मग तो वाळवून किंवा भाजून घ्यायचा. याला माल्ट म्हणतात. मोड येताना दाण्यात अमायलेजसारखी विकरं तयार होतात. माल्ट भरडून ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला की ही विकरं पिठातल्या स्टार्चची साखर करतात. हे गोड पाणी गाळून घ्यायचं, हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालून उकळायचं, निववायचं आणि यीस्ट घालून आंबवायचं. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड सोडतं. पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट यांपलीकडे पाचवं काही नाही.

‘पाचवं काही नाही’ हा नियम बव्हेरियातल्या १५१६ सालच्या फर्मानातून आला. बिअरमध्ये फक्त सातू, हॉप्स आणि पाणी असावं, असं त्यात सांगितलं होतं. यीस्ट त्यात नाही, कारण ते वेगळा घटक म्हणून तेव्हा कोणाला ओळखू येत नव्हतं. फर्मानामागे शुद्धतेइतकंच बाजाराचं गणितही होतं. बिअरचे भाव बांधून द्यायचे होते, आणि गहू व राय ही धान्यं पावासाठी राखायची होती. पुढे हा नियम जर्मन बिअरचा अभिमान बनला. बिअर बनवणं ही एक कडक, सोवळ्यातली विद्या आहे, असा समज जगभर पसरला तो त्यातूनच.

अमेरिकेत एकसुरीपणा आला तो मात्र वेगळ्या वाटेने. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात शेकडो ब्रुअऱ्या बंद पडल्या. उरल्या त्या पुढे एकमेकींत विलीन होत गेल्या आणि सत्तरीच्या दशकाच्या शेवटी देशभरात शंभरही उरल्या नाहीत. जवळपास सगळ्या एकच फिकट, हलकी लागर बिअर बनवत होत्या. १९७८ मध्ये घरी बिअर बनवण्यावरची केंद्रीय बंदी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीने उठली आणि गॅरेजमध्ये हंडे चढवणाऱ्या हौशी लोकांतून नव्या ब्रुअरांची पिढी तयार झाली. सॅम त्याच पठडीतला. इंग्रजी साहित्याचा पदवीधर, न्यूयॉर्कच्या रेस्टॉरंटात काम करणारा. घरी केलेल्या पहिल्याच बिअरमध्ये त्याने जास्त पिकलेल्या चेरी घातल्या होत्या.

डॉगफिश हेडला देशभर नाव मिळवून दिलं ते मात्र कुठल्या फळाने किंवा मसाल्याने नव्हे, तर घड्याळाने. त्यासाठी हॉप्सचा स्वभाव समजून घ्यावा लागेल. हॉप्सच्या फुलात राळेसारखी आम्लं असतात, त्यांना अल्फा आम्लं म्हणतात. ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत, पण खळखळ उकळताना त्यांची रचना बदलते आणि मग बिअरला कडूपणा येतो. या बदलाला वेळ लागतो, म्हणून कडूपणासाठीचे हॉप्स उकळीच्या सुरुवातीला पडतात. हॉप्सचा सुगंध असतो तेलांत, आणि ती तेलं वाफेबरोबर उडून जातात. म्हणून सुगंधासाठीचे हॉप्स अगदी शेवटी घालायचे. चहाच्या आधणात आलं आधी पडतं आणि वेलची भांडं उतरवताना, तोच हा हिशेब. बहुतेक ब्रुअर तासाभराच्या उकळीत दोनदा किंवा तीनदा हॉप्स घालतात.

सॅमने एकदा टीव्हीवर एका शेफला सूप करताना पाहिलं. शेफ म्हणत होता की मिरपूड एकदम घालण्याऐवजी शिजताना सतत चिमूट-चिमूट घालत राहिलं तर चवीला खोली येते. सॅमला वाटलं, हॉप्सच्या बाबतीतही असं का करू नये? पण तासभर हंड्यापाशी उभं राहून चिमटीने हॉप्स सोडत बसणार कोण? जुन्या वस्तूंच्या दुकानात त्याला एक विजेवर चालणारा टेबल फुटबॉलचा खेळ मिळाला. या खेळाचं मैदान थरथरतं आणि त्यावरचे प्लॅस्टिकचे खेळाडू त्या थरथरीने सरकत राहतात. त्याने ते मैदान हंड्याच्या वर तिरपं टांगलं आणि त्याच्यावर भोकं पाडलेली बादली बसवली. बादलीतून हॉप्सच्या गोळ्या थरथरत्या मैदानावर पडायच्या आणि तिथून घरंगळत, दोन-दोन, चार-चार करत, उकळत्या रसात जायच्या. हंड्याच्या वाफेपुढे ते खेळणं फार दिवस टिकलं नाही, पण तोवर कल्पना सिद्ध झाली होती. पुढे मोठ्या ब्रुअरीत हेच काम करणारी खास यंत्रं बसवण्यात आली.

यातून आधी ‘९० मिनिट आयपीए’ आली आणि २००३ मध्ये ‘६० मिनिट आयपीए’. नावातच पाककृती आहे. साठ मिनिटांची उकळ, साठहून जास्त वेळा पडलेले हॉप्स, कडूपणाच्या मापावर साठ अंक आणि ६ टक्के अल्कोहोल. नव्वदवाली ९ टक्क्यांची. सतत हॉप्स घालण्यापेक्षा चार ठरावीक वेळी घातले असते तर चव फार वेगळी लागली असती का, असा प्रश्न रसायनशास्त्र जाणणारा माणूस विचारील, आणि तो रास्त आहे. पण सतत घालण्यामागचा विचार चांगला आहे. अगदी आधी पडलेल्या गोळीने कडूपणा दिला, अगदी शेवटच्या गोळीने सुगंध, आणि मधल्यांनी या दोहोंमधल्या छटा. शिवाय पिणाऱ्याला ही बिअर कशी बनली ते नावावरूनच कळतं. बिअरच्या बाटलीवर इतकी उपयुक्त माहिती क्वचितच असते.

‘आयपीए’ म्हणजे इंडिया पेल एल, आणि तिचं आपल्याशी खरंखुरं नातं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पूर्व भागातल्या बो इथल्या हॉजसनच्या ब्रुअरीतून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर बिअरची पिंपं चढायची आणि मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या बंदरांत उतरायची. प्रवास अनेक महिन्यांचा आणि त्यात विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. हॉप्समधली आम्लं बिअर आंबट करणाऱ्या काही जिवाणूंना वाढू देत नाहीत, त्यामुळे लांब पल्ल्याच्या बिअरमध्ये हॉप्स सढळ हाताने पडत. इथल्या इंग्रज अधिकाऱ्यांसाठी निघालेल्या त्या बिअरची ही अमेरिकी नात.

नव्वदवरून सॅम १२० मिनिटांवर गेला, आणि तिथे खेळ महाग पडू लागला. ‘१२० मिनिट’मध्ये अल्कोहोल १५ ते २० टक्के, म्हणजे वाइनपेक्षाही जास्त. इतक्या अल्कोहोलमध्ये यीस्ट स्वतःच गुदमरतं. त्याला जिवंत आणि कामात ठेवायला आंबवण्याच्या काळात रोज थोडी-थोडी साखर भरवावी लागते. तरीही ते कधी मधेच थांबतं. २०१० मध्ये डिस्कव्हरी वाहिनीवर या ब्रुअरीवरची ‘ब्रू मास्टर्स’ ही मालिका दाखवली गेली, तेव्हा असा अडलेला घाणा ओतून द्यावा लागल्याचं प्रेक्षकांनी पाहिलं. तो ४५ लिटरचा घाणा नव्हता. २००२ पासून मुख्य ब्रुअरी मिल्टन गावातल्या एका जुन्या डबाबंद खाद्याच्या कारखान्यात हलली होती, आणि तिथल्या टाक्या मोठ्या होत्या. फसलेला माल दुसऱ्या लेबलखाली खपवण्याऐवजी ओतून दिला, आणि तोही कॅमेऱ्यासमोर. ही शिस्त नसती तर बाकीचा खेळ कोणी गांभीर्याने घेतला नसता.

आता या ब्रुअरीच्या सर्वांत मोलाच्या कामाकडे येतो. १९५७ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयाच्या पथकाने तुर्कस्तानातल्या गॉर्डियन इथे एका प्रचंड मातीच्या ढिगाखालची लाकडी दफनखोली उघडली. आत साठीतल्या एका पुरुषाचा सांगाडा होता आणि त्याच्या अंत्यभोजनाची दीडशेहून जास्त कांस्य भांडी. ही मिडास राजाची कबर मानली गेली. आता ती त्याच्या वडिलांची असावी आणि काळ इसवी सनपूर्व ७४० च्या आसपासचा, असं मानतात. भांड्यांच्या तळाशी वाळलेला पिवळट गाळ होता. तो कागदी पिशव्यांत भरून संग्रहालयात ठेवला गेला आणि चाळीस वर्षं तसाच राहिला. त्याच संग्रहालयातले संशोधक पॅट्रिक मॅकगव्हर्न यांनी नव्वदीच्या दशकात तो तपासला. त्यात टार्टारिक आम्ल सापडलं, ही द्राक्षांची खूण. कॅल्शियम ऑक्झलेट सापडलं, ही सातूच्या बिअरची. मेणातली संयुगं सापडली, ही मधाची. एकाच पेल्यात वाइन, बिअर आणि मधाची दारू असं मिश्रण त्या अंत्यभोजनात वाढलं गेलं होतं.

२००० साली संग्रहालयातल्या एका मेजवानीत मॅकगव्हर्न यांनी जमलेल्या ब्रुअरांना आव्हान दिलं की हे पेय पुन्हा बनवून दाखवा. सॅमने ते उचललं. सातू, मध आणि पांढरी मस्कॅट द्राक्षं ही सामग्री पुराव्यातून मिळाली. पण त्या काळी तिथे हॉप्स वापरात नव्हते, मग गोडपणा तोलायला कडू काय घालायचं? गाळ त्याबद्दल काही सांगत नव्हता. त्या प्रदेशात मिळणारं आणि चवीला कडवट असं केशर निवडलं गेलं. हा अंदाज आहे आणि तो अंदाज म्हणूनच लक्षात ठेवायला हवा. ‘मिडास टच’ नावाने ती बिअर बाजारात आली. रंगाने सोनेरी, अल्कोहोल ९ टक्के, चव बिअर आणि वाइन यांच्या मधली.

मग अशा बिअरची मालिकाच सुरू झाली. चीनच्या हनान प्रांतातल्या जियाहू इथल्या सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांत तांदूळ, मध आणि द्राक्षं किंवा हॉथॉर्नची फळं यांच्या आंबवलेल्या पेयाच्या खुणा मॅकगव्हर्न यांना मिळाल्या होत्या. त्यावरून ‘शातो जियाहू’ निघाली. मध्य अमेरिकेतल्या कोकोच्या प्राचीन पेयावरून ‘थिओब्रोमा’ आली. इजिप्तवरून बेतलेल्या ‘ता हेन्केत’साठी एमर गहू, डूम ताडाची फळं आणि कॅमोमाइलची फुलं वापरली, आणि यीस्टही इजिप्तमध्येच पकडलेलं होतं.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त शिकवून जाणारी वाटते ती ‘चिचा’. अँडीज पर्वतातली मक्याची ही जुनी बिअर. मक्यातल्या स्टार्चची साखर करायला तिथल्या बायका मका चावून थुंकत, कारण लाळेतही अमायलेज असतं. मोड आलेल्या सातूत जे विकर काम करतं त्याचंच हे भावंड. डॉगफिश हेडमध्ये २००९ साली मालकापासून कामगारांपर्यंत सगळे घोळका करून बसले आणि पेरूचा जांभळा मका चावून-चावून त्याचे गोळे ताटांत काढू लागले. कोरड्या मक्याने तोंडातली लाळ आटते, जबडे दुखतात, आणि तासाभरात हातात पडतो तो जेमतेम मूठभर चोथा. पुढे ते सगळं उकळलं जातं, त्यामुळे जंतूंची भीती राहत नाही. ऐकणारा नाक मुरडतो, पण यातून एक गोष्ट कायमची कळते. माणसाने दाण्यातून साखर काढायची युक्ती एकाच ठिकाणी शोधली नाही. कुणी दाण्याला मोड आणले, कुणी तो चावला, पूर्व आशियात बुरशीकडून हेच काम करून घेतलं. बव्हेरियाचं फर्मान जेमतेम पाचशे वर्षांचं आहे आणि जियाहूचं मडकं नऊ हजार वर्षांचं. हाती येईल ते फळ, मध, धान्य, मुळी एकत्र आंबवणं हीच बिअरची जुनी चाल आहे. चार घटकांची मर्यादा ही तिच्या इतिहासातली अलीकडची गोष्ट.

सगळेच प्रयोग सारख्या तोलाचे नाहीत. पॅराग्वेतल्या पालो सांतो या अतिशय कठीण, सुगंधी लाकडाची १० हजार गॅलनची टाकी बांधून त्यात मुरवलेली ‘पालो सांतो मॅरॉन’ मला मोठी कामगिरी वाटते. दारूबंदीच्या आधीपासून अमेरिकेत बिअरसाठी एवढं मोठं लाकडी भांडं कोणी बांधलं नव्हतं. त्या लाकडाचा व्हॅनिलासारखा, राळेचा गंध बिअरमध्ये खरोखर उतरतो. जॅझवादक माइल्स डेव्हिस यांच्या ‘बिचेस ब्रू’ या अल्बमला चाळीस वर्षं झाली तेव्हा निघालेली, इथिओपियातलं गेशो हे कडू मूळ घातलेली बिअरही विचारपूर्वक केलेली होती. पण २०१३ मध्ये चंद्रावरून आलेल्या उल्कांची धूळ चहासारखी भिजवून जी बिअर केली, तिच्याबद्दल मला तसं म्हणता येत नाही. अंतराळवीरांचे पोशाख बनवणारी ‘आयएलसी डोव्हर’ ही कंपनी डेलावेरचीच, तिच्या मदतीने हा उपक्रम झाला. ऐकायला तो विलक्षण आहे, पण क्षार पाण्यातूनही येतात आणि जिभेला चंद्र ओळखता येत नाही. खेळ चवीत उतरला नाही तर ती फक्त बातमी उरते.

चवीत उतरलेल्या खेळाचं उत्तम उदाहरण म्हणजे २०१६ ची ‘सीक्वेंच एल’. क्योल्श, खारट गोझे आणि आंबट बर्लिनर वाइसे या तीन जर्मन शैली एकत्र आणून तिच्यात लिंबाची साल, वाळवलेलं काळं लिंबू आणि समुद्री मीठ घातलं. अल्कोहोल ४.९ टक्के. बाल्टिमोरच्या राष्ट्रीय मत्स्यालयाशी मिळून केलेली ही बिअर म्हणजे जवळजवळ आपलं लिंबू सरबत. चकित करायला २० टक्के अल्कोहोल लागत नाही, हे या ब्रुअरीला बऱ्याच उशिरा उमगलं असं माझं मत आहे. लहान ब्रुअऱ्यांच्या जगात बराच काळ ‘अधिक कडू, अधिक कडक’ हीच चढाओढ चालली आणि ‘१२० मिनिट’ने तिला खतपाणी घातलं. खारट-आंबट, हलकी आणि तरीही लक्षात राहणारी बिअर बनवणं त्याहून अवघड आहे.

२०१९ मध्ये डॉगफिश हेड ‘सॅम्युअल ॲडम्स’ ही बिअर बनवणाऱ्या ‘बोस्टन बिअर’ कंपनीत सुमारे ३० कोटी डॉलरच्या व्यवहारात विलीन झाली. भांडं आणखी मोठं झालं. रेहोबथ बीचचा ब्रूपब मात्र प्रयोगांची जागा म्हणून राहिला, आणि माझ्या मते कंपनीचं भवितव्य मिल्टनच्या टाक्यांपेक्षा त्या छोट्या हंड्यांवर जास्त अवलंबून आहे.

महाराष्ट्रात असं भांडं पहिल्यांदा चढलं ते २००९ मध्ये, पुण्याच्या ‘डूलाली’त. देवळालीच्या लष्करी छावणीवरून इंग्रज सैनिकांच्या बोलीत रूढ झालेला, ‘डोकं फिरलेला’ अशा अर्थाचा हा शब्द ब्रुअरीला देणारी माणसंही खेळकरच म्हणायला हवीत. त्यानंतर पुण्या-मुंबईत बऱ्याच मायक्रोब्रुअऱ्या निघाल्या. तुम्ही पीत असाल आणि अशा ठिकाणी जाणं झालं, तर फळ्यावरचं आकर्षक नाव वाचून ऑर्डर देण्याआधी काचेपलीकडच्या ब्रुअरला दोन प्रश्न जरूर विचारा: यात वेगळं काय घातलंय, आणि ते उकळताना कधी पडलं? काम मनापासून करणारा ब्रुअर हातातलं सोडून तुम्हाला सांगत बसेल. उत्तर मिळालं नाही, तर साधी गव्हाची बिअर मागवा.